पाचव्या जागेवरचं पीप

२ नोव्हेंबर २०२२
(पोस्टात टाकलेलं)

प्रिय बाझिल,

काल पापांच्या कबरीवर शेवंतीच्या दोन कुंड्या ठेवून आले. एक माझी, एक तुझी. तुझ्या कुंडीला चिठ्ठी लावली नाही, पण गावात कुंड्या मोजणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे धाकट्याला आठवण आहे म्हणायची, एवढं सगळ्यांना कळलं.

पत्राचं कारण वेगळं आहे. पापांची शेवटची तोडणी २०१६ ची. त्या पिपांची सहा वर्षं आणि तीन महिने या हिवाळ्यात पुरे होतात, आणि पिवळ्या वाइनचं पहिलं पीप उघडण्याचा मान आळीपाळीनं नेमका यंदाच आपल्या अंगणाला आला आहे. मेअर स्वतः सांगायला आले होते. म्हणाले, "तोटी ठोकायला मोनरे घराण्यातलं कुणीतरी हवं." मी म्हटलं, आहे ना. डोंगर उतरून दीड तासावर, बर्गंडीत. केवढा मोठा झालाय, लोक त्याच्याबद्दल छापून आणतात. तर तू ये. ५ फेब्रुवारी, रविवार, सकाळी अकरा.

ज्या पॅरिसकरांना घेऊन तू तळघरं दाखवत फिरतोस, त्यांनाही आण. फक्त आधीच सांगून ठेव की आपल्या ज्युरात आधी लाल, मग पांढरी आणि सगळ्यांत शेवटी पिवळी. ते नाकं मुरडतील. पण आपली लाल इतकी नाजूक की पांढरीनंतर घेतली तर पाणी प्यायल्यासारखं वाटतं, हे तुला मी सांगायला नको.

जुनं काही मनात ठेवू नकोस. मीही ठेवलेलं नाही.

तुझी,
मार्सलिन

२ नोव्हेंबर २०२२
(खणात ठेवलेलं)

बाझिल्या,

वरच्या पत्रातलं शेवटचं वाक्य लिहिताना हात आखडला, म्हणून हे दुसरं लिहायला बसले. गोड तुला, कडू खणाला. असंच चालू दे.

म्हणे मनात ठेवलेलं नाही! मनात दुसरं आहेच काय?

तुला सगळं माहीत आहे. तरी लिहिते, कारण तुझ्या तोंडून ते आजवर एकदाही बाहेर पडलेलं नाही. २०१७ चा ईस्टरचा सोमवार. पापा वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेले. तू सुट्टीवर आलेला. मी मळ्यात काटक्या बांधत होते. तू तळघरात गेलास. तुमच्या बर्गंडीत दर सोमवारी हातात झारी घेऊन पिपांवरून फिरायचं आणि जिथे पातळी उतरली असेल तिथे वरून भर घालायची. भर घातली नाही तर तुमच्याकडे वाइन मरते. आपल्याकडे उलटं. पिवळ्या वाइनच्या पिपाला हात लावायचा नाही. उतरू द्यायचं. वर मोकळी जागा राहते, तिथे साय धरते, आणि त्या सायीखाली सहा वर्षं ती वाइन कुणाकडे न बघता आपलं काम करते. चार वर्षांचा असताना तुला हे माहीत होतं. खुर्चीवर चढून तूच मला सांगायचास, "मार्सो, पिपाला उठवायचं नाही, ते झोपलंय."

आणि आठ वर्षं बर्गंडीत काढलेल्या हाताला ते आठवलं नाही. पाचव्या पिपात रिकामी जागा दिसली आणि हातानं सवयीनं भर घातली. साय मोडली. मग तुझ्या लक्षात आलं.

इथपर्यंत चूक होती. चूक मी पदरात घातली असती. पापांनी दोन दिवस शिव्या दिल्या असत्या आणि तिसऱ्या दिवशी ते हसले असते. पण तू जिना चढून वर गेलास आणि म्हणालास, "पापा, मार्सलिननं पाचव्यात भर घातली."

त्यांना ते पटलंही. कारण वर्षभरापूर्वी मीच त्यांच्याशी वाद घातला होता, की एखाद्या पिपात भर घालून आपण साधी, ताजी पांढरी करून बघूया. तुला तो वाद माहीत होता. तू विचार करून माझं नाव घेतलंस.

दहा वाजता मी चिखलाच्या बुटांनी वर गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाले, "तुला धीर नव्हता."

तीन आठवडे जगले. त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही. तळघराची किल्ली माझ्या कमरेची काढून त्यांनी तुला दिली. त्यांना पुरून आल्यावर तू ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाकलीस आणि बर्गंडीला निघून गेलास. म्हणजे ज्याच्यासाठी खोटं बोललास तेही तुला नको होतं.

आणि गावानं माझं नाव ठेवलं झारी. चीजच्या सोसायटीत दूध द्यायला गेले की "झारी आली". चाखायच्या समितीतून काढलं. बत्तीस वर्षं या गावच्या वाइन माझ्या नाकाखालून गेल्या, आणि आता माझ्या हातात कुणी पेला देत नाही.

मला तुझ्याकडून एकच हवंय. त्याच अंगणात, सगळ्या गावासमोर, तुझ्याच तोंडानं: भर मी घातली. मी मागणार नाही, रडणार नाही, कुणाला मध्ये घालणार नाही. तुला स्वतःहून सांगावंसं वाटेल अशी सोय करणार आहे.

तू त्या पिपाला ठोकलेलं बूच माझ्याकडे आहे.

२८ नोव्हेंबर २०२२
(पोस्टात टाकलेलं)

प्रिय बाझिल,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं होतं, सही तेवढी शाईची. येतोयस हे वाचून बरं वाटलं. सहा पाहुणे म्हणजे काहीच नाही, वरच्या दोन खोल्या मी झाडून ठेवते.

तू विचारलंयस की पापांची किती पिपं उरली. चार. चारही उत्तम. पहिल्याला तोटी ठोकू. नळीनं थोडी काढून पाहिली, अक्रोडाचा वास खोलीभर पसरला.

आणि "ते दुसरं" तू टाकून दिलंस ना, असंही खाली हातानं लिहिलंयस. पाचव्या जागेवर आजही एक पीप आहे. त्यात पांढरी आहे, भर घातलेली. मला ती बरी वाटली. हल्ली शहरात म्हणे अशीच ताजी पांढरी मागतात. पाहुण्यांना लाल आणि पिवळीच्या मध्ये ती देऊ, नाहीतर मध्येच मोकळं वाटेल. घाबरू नकोस. भर कुणी घातली यावर मी चकार शब्द काढणार नाही.

तुझी,
मार्सलिन

२८ नोव्हेंबर २०२२
(खणात ठेवलेलं)

बाझिल्या,

अख्खं पत्र टाइपाचं आणि भीतीची ती एक ओळ तेवढी हातानं. चांगलं आहे, टाइप करणाऱ्या बाईलासुद्धा कळायला नको.

आज सोसायटीत तेओफिलबाबा भेटले. पिपं बांधणारे, आता नव्वदीला टेकलेत, पण जीभ अजून तासणीसारखी चालते. झारी हे नाव त्यांनीच पाडलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "काय गं झारी, ऐकलं की भाऊ येतोय पीप उघडायला?"

"येतोय ना, बाबा."

"मग तेवढा दिवस तू तळघरापासून लांब राहा बाई. नाहीतर पाहुण्यांच्या पेल्यात पण भर घालशील."

सगळे हसले. चीज कापणारी पोरगी सुरी ठेवून हसली. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही नक्की या. पुढच्या बाकावर बसा, कानाचं यंत्र लावून या. ऐकण्यासारखं आहे."

"उघडताना ऐकायचं काय असतं? प्यायचं असतं."

"या तर खरं."

राग आला की मला भूक लागते, तुला माहीत आहे. घरी येऊन उभ्यानं अर्धं सॉसेज खाल्लं.

पाचव्या जागेवर काय आहे ते मी या खणालाही सांगणार नाही. खणाला किल्ली असते, आणि किल्ल्या कशा हात बदलतात ते मी पाहिलेलं आहे. एवढंच लिहिते की तुला आज लिहिलेल्या पत्रात एकही शब्द खोटा नाही. पुन्हा वाचलंस तर तुलाही दिसेल. पण तू वाचणार नाहीस, तू स्वतःचं नाव कुठे आलंय तेवढंच शोधतोस.

९ जानेवारी २०२३
(पोस्टात टाकलेलं)

प्रिय बाझिल,

काल तीन राजांच्या सणाचा केक कापला. ज्याला आतला दाणा मिळेल तो राजा, आणि दाणा माझ्याच वाट्याला आला. एकटीनं केक खाल्ला की जिंकणं सोपं असतं.

ठरल्याप्रमाणे शनिवारी दुपारच्या जेवणापर्यंत पोचा. मोरेल अळंबी घातलेली कोंबडी करते, पिवळ्या वाइनमध्येच. त्याआधी सॅलड, अक्रोड आणि घरच्या आंबट काकड्या. तुला लहानपणी बरणीत हात घालून खायची सवय होती. आता पाहुण्यांसमोर घालू नकोस.

रविवारी गावातले ऐंशीएक जण होतील. मेअर दोन शब्द बोलतील, मग तू. पापांबद्दल काहीतरी बोल. तुला छान बोलता येतं.

तुझी,
मार्सलिन

९ जानेवारी २०२३
(खणात ठेवलेलं)

बाझिल्या,

आज राग आटला होता, म्हणून लिहिते. दुपारी तळघरात गेले आणि तू आठवलास. आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा आणि मी चौदाची. तुझं नाक मी पुसलं, आणि त्याच नाकाला वास ओळखायला मीच शिकवलं. डोळे बांधून तुझ्यासमोर वाट्या ठेवायचे. दालचिनी, ओलं गवत, घोड्याचा पट्टा. तू एकदाही चुकला नाहीस. पापा मला "माझं नाक" म्हणायचे, आणि मी तुला "माझं धाकटं नाक".

तासभर वाटलं, सोडून द्यावं. फोन उचलून सांगावं की बाझिल, मला माहीत आहे, तू फक्त "हो" म्हण, मग कोंबडी खाऊन जा.

मग तुझाच फोन आला. म्हणालास, "मार्सो, एक विनंती आहे. पाहुण्यांसमोर ते भर प्रकरण नको. कुणी विचारलं तर मी सावरून घेईन. म्हणेन की तेव्हा तू थकलेली होतीस, माणसाच्या हातून होतं."

तू मला माफ करणार होतास!

मी म्हटलं, "तुझं मन मोठं आहे." फोन ठेवला. राग पुन्हा काठोकाठ भरला, वरून झारी लागली नाही.

४ फेब्रुवारी २०२३
(खणात ठेवलेलं)

बाझिल्या,

तू आणि तुझी माणसं आत्ता वरच्या मळ्यात फिरायला गेला आहात. खिडकीतून दिसताय. तू हात पसरून काहीतरी सांगतोयस, बहुधा डोंगर तूच उभा केलास असं.

जेवण ठीक झालं. तुझ्या पाहुण्यांतल्या, वाइनवर लिहिणाऱ्या त्या तोकड्या केसांच्या बाईंनी बसल्याबरोबर पांढरी मागितली. मी लाल ओतली. त्या म्हणाल्या, "पण पांढरीनं सुरुवात करतात ना?" मी म्हटलं, "तुमच्याकडे करत असतील, बाई. इथे पांढरीला मान आहे, तिला वाट बघायला लावतो." त्या पेला उजेडात धरून म्हणाल्या, "ही लाल आहे? ही तर कांद्याच्या सालीसारखी." आमची लाल तशीच असते. प्यायल्यावर त्यांनी दुसऱ्यांदा पेला पुढे केला आणि पांढरीचं नाव काढलं नाही.

सॅलड तू दोनदा घेतलंस. "मार्सो, सॅलडमधला हा आंबट शिरका कुठला गं?"

"घरचाच."

"अप्रतिम आहे. धार बघा याची," तू पाहुण्यांना म्हणालास, "असा शिरका व्हायला मूळ वाइन उत्तम लागते."

"हो," मी म्हटलं, "वाइन उत्तमच होती."

मग तू ताटल्या घेऊन माझ्या मागे स्वयंपाकघरात आलास. दोघंच होतो. मी नळ बंद केला, तुझ्याकडे वळले आणि विचारलं, "बाझिल, तुला मला काही सांगायचंय का?"

तू ताटल्या खाली ठेवल्यास. तोंड उघडलंस. खरंच वाटलं, आता.

"हो," म्हणालास, "हात पुसायला टॉवेल कुठे असतो हल्ली?"

दिला तुला टॉवेल. ती तुझी शेवटची संधी होती. हे पत्र तुला मिळेल तेव्हा ती कशी दिसत होती ते लक्षात यावं, म्हणून लिहून ठेवते. निळ्या चौकड्यांचा होता.

९ फेब्रुवारी २०२३
(खणातल्या सगळ्या पत्रांसह पाठवलेलं)

बाझिल,

तुझं कालचं पत्र आलं. या वेळी पूर्ण हातानं लिहिलेलं. पाहुण्यांनी "ती" पांढरी मागितली आहे, सहा डझन बाटल्या तरी पाठव, त्यावर "भर: बाझिल मोनरे" असं छापता आलं तर बघ, असं लिहिलंयस. आणि खाली, "रविवारी जे झालं ते फार ताणू नकोस."

रविवारी जे झालं ते तू तिथे असूनही मी लिहिते, कारण चार दिवसांत तू ते आपल्या मापाचं करून घेतलं असशील.

लाल झाली. सगळ्यांनी प्यायली, गाव आपल्या लालवर कधी बोलत नाही, नुसता पेला पुढे करतं. मग मी पाचव्या जागेवरून काढलेली पांढरी आणली. अंगणात गडबड होती, ती हळूहळू थांबली. तोकड्या केसांच्या बाईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "ही कुणी केली?"

मी सुरई हातात धरून उभी होते. म्हटलं, "पाचव्या जागेवरची आहे." एवढंच.

तेओफिलबाबा पुढच्या बाकावर होते, कानाला यंत्र लावून. त्यांनी घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. मग नाइलाजानं, अगदी दात काढून घेतल्यासारखे, म्हणाले, "झारीनं बिघडवलेलं पाचवं पीप म्हणायचं हे. च्यायला! असं बिघडवणार असेल तर बाई, माझ्या घरीही ये."

लोक हसले, पण या वेळी मला नाही. मेअरनी माझा हात हातात घेतला. बाईंनी वही काढून विचारलं, "तुमचं पूर्ण नाव?" बाझिल, सहा वर्षांत पहिल्यांदा माणसं माझ्याकडे तोंड करून उभी होती. मी तुझ्याकडे बघत होते. तू पिवळ्याच्या पिपापाशी हातोडा धरून उभा, आणि तुझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तुझे कान लाल झाले. लहानपणी माझी शाबासकी झाली की व्हायचे तसेच.

बाईंनी लिहायला सुरुवात केली, "मार्सलिन..."

आणि तू म्हणालास, "माफ करा, पण हे नीट लिहिलं जावं. त्या पिपात भर मी घातली. २०१७ च्या ईस्टरला, माझ्या हातांनी. बर्गंडीची पद्धत आहे ती. हिनं फक्त पुढे चालू ठेवलं."

पूर्ण वाक्य. स्वच्छ आवाजात. मी सहा वर्षं मनातल्या मनात त्या वाक्याची तालीम ऐकत होते, पण इतकं चांगलं कधी जमलं नव्हतं.

अंगण गप्प झालं. तुला वाटलं, कौतुकानं. अजून कळलं नव्हतं तुला.

तेओफिलबाबा उठले. "काय म्हणालास? परत म्हण."

"म्हणजे... तेव्हा... प्रयोग म्हणून..."

"प्रयोग गेला खड्ड्यात. भर कुणी घातली?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी सुरई पुसत होते.

"तुझा बाप या पोरीशी न बोलता मेला," बाबा म्हणाले. "त्याच्या उशाशी मी बसलो होतो. मीच म्हणालो त्याला, बरोबर केलंस, बोलू नकोस तिच्याशी." मग टोपी काढून ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "मार्सलिन." झारी नाही, माझं नाव. मला तेवढं पुरलं.

मेअरनी तुझ्या हातातून हातोडा घेतला आणि मला दिला. पापांच्या पिपाला तोटी मी ठोकली. एका घावात बसली. तू तेव्हा फाटकापाशी गाडीची किल्ली शोधत होतास, म्हणून तुला पिवळी मिळाली नाही. ती कशी होती ते सांगणार नाही.

आता तुझ्या सहा डझन बाटल्यांचं.

ते पीप तुझं नव्हतं. मी लिहिलं होतं, पाचव्या जागेवर "एक पीप" आहे. तुझं पीप आहे असं कुठे लिहिलं होतं? ईस्टरनंतर तीनच दिवसांनी हिम पडलं आणि निम्मा मळा जळाला, आठवतं? त्या शरदात वरच्या बांधावरच्या वाचलेल्या ओळींतून माझं असं एकच पीप निघालं. तेव्हा गावानं मला झारी म्हणायला सुरुवात केली होती. म्हटलं, झारी तर झारी. ते पीप पाचव्या जागेवर ठेवलं आणि दर सोमवारी, पाच वर्षं, एक सोमवार न चुकता, त्यात भर घातली. पापांशी वाद घातला होता तीच पांढरी. ती माझी आहे, द्राक्षापासून घोटापर्यंत. हिमाच्या वर्षाची ती बारीक आंबट धार माझ्या धाकट्या नाकाला ओळखू यायला हवी होती. पण तू वाइन चाखत नव्हतास, तू टाळ्या ऐकत होतास.

बाईंना मी परवा पत्र लिहून हे सगळं कळवलं आहे. गावालाही. त्यामुळे छापायला आता काही उरलेलं नाही. भर तू घातलीस हे तूच सांगितलंस, ते परत घेता येत नाही. आणि वाइन तुझी नाही, हे मी सांगितलं.

तुझं पीप काय झालं ते ऐकायचंय? पापांनी सांगितलं होतं की त्याला कुणी हात लावायचा नाही. कोपऱ्यात सरकवलं तेवढंच, आतल्या वाइनला मी हात लावला नाही. अर्धवट भर, मोडलेली साय, वरून हवा. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आंबून त्याचा शिरका झाला. काकड्या त्यातच घालते. शनिवारी तू सॅलड दोनदा घेतलंस आणि म्हणालास, मूळ वाइन उत्तम असणार. उत्तमच होती रे. पापांची होती.

या खोक्यात त्याची एक बाटली आहे. चिठ्ठी तू म्हणालास तशीच लावली आहे: "पाचवं पीप, २०१६. भर: बाझिल मोनरे."

आणि कागदात गुंडाळलेलं बूच. त्याला गोणपाटाची पट्टी आहे बघ. आपल्याकडे बूच उघडं ठोकतात. पट्टी गुंडाळून ठोकायची रीत बर्गंडीची, या डोंगरात तुझ्याशिवाय तसं कुणी करत नाही. त्या सोमवारीच, पापांनी बजावण्याआधी, मी ते उपसून जागी साधं बूच बसवलं आणि हे खिशात घातलं होतं. पापांच्या हातावर ठेवलं असतं तर त्यांना क्षणात कळलं असतं. तीन आठवडे, रोज, मी ते खिशात घेऊन त्यांच्या दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. मला वाटायचं, पुरावा कशाला दाखवायचा? मी त्यांचं नाक. माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवायला हवा, ते आपणहून हाक मारतील. तेवीस दिवस मी वाट बघितली. मग हाक मारायला ते राहिलेच नाहीत.

ते बूच मी दाखवलं नाही, हे माझं. तेवढं मी तुझ्यावर घालत नाही. बाकी सगळं तुझं, आणि त्यातलं काहीही मी माफ केलेलं नाही.

काल तळघरात गेले. सोमवार नव्हता, तरी गेले. तेओफिलबाबांनी फाटकापाशी एक नवी झारी ठेवली होती, तांब्याची, स्वतः डाग दिलेली. त्यावर खिळ्यानं माझं नाव कोरलंय. अक्षर वाकडं आहे.

मार्सलिन मोनरे

ता. क. शिरका जहाल आहे, एका वेळी दोन चमचे पुरतात. बाटली संपायला सहा वर्षं तरी लागतील. धीर धर.